डोंगराकडे केसभर

आमच्या आप्पांचा ओळंबा पितळेचा. खाली निमुळता, वर सूत ओवायला भोक, आणि सुताच्या दुसऱ्या टोकाला ओळंब्याच्याच जाडीचा लाकडी ठोकळा. वाईजवळ, पांडवगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे आणि आसपासच्या वाड्यांवर आप्पांनी चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या हाताखाली असायचे. माझं काम एकच. ते परांचीवरून ठोकळा भिंतीला टेकवून ओळंबा खाली सोडायचे, तो डुलत डुलत शांत व्हायचा, आणि पुरता थांबला की मी खालून ओरडायचे, “थांबला!” मग तो भिंतीला जेमतेम शिवतोय की नाही ते आप्पा बघायचे. केसभर फरक दिसला तरी वरचा थर उतरवायचे. मालक म्हणायचा, राहू द्या हो, कुणाला दिसतंय. आप्पा म्हणायचे, “डोळा फसवतो, हात फसवतो. वळंबा खोटं बोलत न्हाई.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला निसर्गनियमासारखं वाटायचं. सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या पर्थला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात शिहॅलियन नावाच्या डोंगरावर गेले. ब्रेज ऑफ फॉसला गाडी लावली, वाट सुरू होते तिथे दगडांचा एक बुटका मनोरा होता, त्यावर पाटी. राजाचा खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन १७७४ साली इथे आला होता, आणि या डोंगराशेजारी ओळंबा किती कलतो ते मोजून त्याने पृथ्वी किती जड आहे ते शोधलं होतं. पाऊस भुरभुरत होता, सोबतची मंडळी पुढे गेली होती, आणि मी त्या पाटीसमोर उभी होते. ओळंबा कलतो. डोंगराकडे.

त्या दिवशी शिखर दिसलं नाही. पण तेव्हापासून हा डोंगर माझ्या मागे लागला आहे.

शिहॅलियन आहे १०८३ मीटर उंच. सह्याद्रीच्या हिशेबात हे काही फार नाही, पांडवगडसुद्धा त्याहून उंच भरेल. पण हा डोंगर जवळजवळ छप्पन्न ते सत्तावन्न अंश उत्तरेला आहे, आणि तिथे हजार मीटरवर जे हवामान असतं ते आपल्याकडे शोधायला हिमालयात जावं लागेल. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांहून उंच डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची पहिली यादी केली, म्हणून. आजच्या यादीत २८२ आहेत आणि ते सगळे चढून झालेली हजारो माणसं या देशात आहेत. शिहॅलियन बहुतेकांच्या पहिल्या चार-पाचात असतो, कारण तो सापडायला सोपा आहे: देशाच्या जवळपास मध्यावर, लॉख रॅनख आणि लॉख टमल या लांबोळक्या सरोवरांच्या दक्षिणेला, बाकीच्या डोंगरांपासून जरा सुटा उभा.

त्याचं रूप तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं. रॅनखच्या बाजूने, पश्चिमेकडून बघितलं तर तो लहान मुलाने काढलेल्या डोंगरासारखा आहे, दोन तिरक्या रेषा आणि वर टोक. पूर्वेकडून वाटेला लागलं की ते टोक गायब होतं आणि समोर पसरते एक लांबच लांब पाठ. पूर्व-पश्चिम पसरलेली, उत्तरेला आणि दक्षिणेला उतरती. हा आकार लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

वरचा खडक क्वार्ट्झाइट. म्हणजे एके काळची समुद्राकाठची वाळू, दाबली गेली, भाजली गेली आणि इतकी कठीण झाली की आता तिच्यावरून बूट घसरतो. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर नुसते धोंडे आहेत, फिकट, गारगोटीसारखे, टीव्हीएवढे, तिजोरीएवढे, एकमेकांवर कसेही पडलेले. वाट नाही. एक पाऊल, मग दुसरं. त्या थराखाली आणखी एक जुना थर आहे, शिहॅलियन बोल्डर बेड नावाचा. सुमारे सत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या एका हिमयुगात बर्फाने वाहून आणलेले गोटे त्यात रुतून बसले आहेत. माझं बालपण ज्या काळ्या दगडावर गेलं तो दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे आपला दगुड पोरगं हाय अजून.” आणि खाली, पायथ्याशी, चुनखडीचे पट्टे. वरच्या आंबट, पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या चिखलाने, भरलेल्या जमिनीत हेदर हे झुडूप सोडून फारसं काही तग धरत नाही, पण चुनखडी उघडी पडली आहे तिथे गवत एकदम हिरवं होतं, बारीक फुलं दिसतात. पायाखालचा दगड बदलला हे खाली न बघता कळतं.

आता नाव.

शिहॅलियन हा इंग्रजी जिभेने केलेला आकार आहे. गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, तो शी ख़ल्यन. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांनी मला हे म्हणायला शिकवलं. त्यातला ‘ख़’ घशातून येतो, आणि तो मला पहिल्याच प्रयत्नात जमला याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांची आजी गेलिक बोलायची. आईला समजायचं. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. साठी ओलांडल्यावर त्यांनी वर्ग लावला, आणि आता ते नकाशा पुस्तकासारखा वाचतात. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणारे सुमारे सत्तर हजार निघाले, पंचावन्न लाखांच्या देशात. पण डोंगर मात्र आजही जवळजवळ सगळे त्याच भाषेत उभे आहेत. लोक ज्या भाषेत बोलत नाहीत त्या भाषेत रोज चढतात.

‘शी’ म्हणजे परींची टेकडी. परी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंख आणि छडी येते, ती इथे नाही. गेलिक कथांमधले हे लोक माणसाएवढे, देखणे, लहरी असतात. ते डोंगराच्या पोटात राहतात, आणि त्यांच्याकडे एक रात्र नाचून माणूस बाहेर आला की बाहेर शंभर वर्षं उलटलेली असतात. त्यांचं नाव मोठ्याने घेत नाहीत. शिहॅलियनच्या दक्षिणेच्या खोऱ्यात एक गुहा आहे, ती त्यांच्या राज्याचं दार आहे असं जुनी माणसं सांगत. आणि ‘ख़ल्यन’ म्हणजे कॅलेडोनियन. रोमन सैन्य उत्तरेला आलं तेव्हा त्यांना आडवी आलेली जमात. रोमन इतिहासकार टॅसिटसने या प्रदेशाला कॅलेडोनिया म्हटलं ते तिथूनच. म्हणजे पूर्ण नाव, कॅलेडोनियनांच्या परींचा डोंगर.

यावर माझा विश्वास बसला तो शेजारच्या आजोबांनी नकाशावर बोट ठेवलं तेव्हा. शिहॅलियनच्या आग्नेयेला डंकेल्ड नावाचं गाव आहे. गेलिकमध्ये डून ख़ल्यन, कॅलेडोनियनांचा किल्ला. त्याच्याजवळ रोहॅलियन, म्हणजे कॅलेडोनियनांची गढी. एक किल्ला, एक गढी, एक परींचा डोंगर, आणि तिघांत तीच जमात. ती जमात स्वतःबद्दल एक ओळसुद्धा लिहून गेली नाही. पण पर्थशायरच्या नकाशावर या तीन जागांना हात लावला की त्यांच्या मुलखाची खूण हाताला लागते. जुन्या पुस्तकांत या नावाचे दुसरेही अर्थ दिले आहेत, कुणी म्हणालं कुमारिकेचं वक्ष, कुणी म्हणालं सततचं वादळ. दोन्ही मला डोंगर बघून जुळवलेले वाटतात. डंकेल्डशी जुळणारं नाव मला जास्त पटतं, कारण ते एकटं पडत नाही.

आजोबांबरोबर नकाशा वाचणं हा माझा हिवाळ्यातला उद्योग झाला. ब्यालख म्हणजे खिंड. क्रेग म्हणजे कडा. मॅल म्हणजे गोळा, लठ्ठ गोलसर डोंगर. कोरी म्हणजे कढई, बर्फाने कोरलेली खोलगट जागा. ड्रुइम म्हणजे पाठ. आणि डोंगराची जी धार पुढे उतरत येते तिला ते म्हणतात स्रोन, नाक. मी म्हटलं, आमच्याकडे तिला सोंड म्हणतात. त्यांनी सोंड म्हणजे काय ते विचारलं, मी हत्ती काढून दाखवला, आणि ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. ज्यांनी हत्ती बघितला त्यांनी सोंड म्हटलं, ज्यांनी नाही बघितला त्यांनी नाक.

रंगांची गंमत वेगळीच. गोरम म्हणजे निळा, पण गवताचा हिरवासुद्धा गोरमच. ग्लास म्हणजे करडा आणि हिरवट यांच्या मधलं काहीतरी. शाळेत शिकलेले रंग इथल्या डोंगराला लावून बघितले तर जमत नाहीत, पण ऑक्टोबरच्या दुपारी ढग फाटून उतारावर उजेड पडतो तेव्हा समोर दिसतो तो ग्लासच असतो, त्याला दुसरा शब्द नाही.

आता ओळंब्याकडे येते.

न्यूटनने सांगून ठेवलं होतं की प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते. म्हणजे डोंगरसुद्धा शेजारच्या ओळंब्याला ओढत असणार. पण ते इतकं थोडं की मोजता येणार नाही, असं त्यालाच वाटलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७३८ मध्ये दक्षिण अमेरिकेत चिंबोराझोवर प्रयत्न केला, पण थंडी-वाऱ्याने हाल झाले आणि आकडा भरवशाचा मिळाला नाही. मग १७७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने खास यासाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन त्या समितीत होता, हेन्री कॅव्हेंडिशही होता. योग्य डोंगर शोधायला चार्ल्स मेसनला पाठवलं, अमेरिकेतल्या मेसन-डिक्सन रेषेतला तोच मेसन. त्याने १७७३ चा उन्हाळा हायलँड्समध्ये, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, फिरून काढला आणि शिहॅलियन निवडला. पूर्व-पश्चिम पसरलेली लांब पाठ, उत्तर-दक्षिणेला तीव्र उतार, आजूबाजूला बऱ्यापैकी मोकळं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकार तो हाच. पैसा होता शुक्राच्या अधिक्रमणाच्या मोहिमेतून उरलेला, राजाने तो इकडे वळवायला परवानगी दिली. मेसनने पुढचं काम घ्यायला नकार दिला, तेव्हा मॅस्केलिन स्वतः आला.

कल्पना अशी. डोंगराच्या दक्षिण उतारावर बसा, दहा फुटी दुर्बीण बरोबर डोक्यावर रोखा आणि ओळंब्याला प्रमाण मानून तारे माथ्यापासून किती सरकलेत ते मोजा. मग उत्तर उतारावर जाऊन तेच तारे, तेच मोजमाप. डोंगर नसता तर दोन जागांमधला फरक फक्त अक्षांशाचा आला असता, आणि तो जमिनीवर साखळी टाकून मोजता येतो. पण डोंगर मध्ये आहे. दक्षिणेचा ओळंबा उत्तरेला कलणार, उत्तरेचा दक्षिणेला, दोघेही डोंगराकडे. म्हणून ताऱ्यांवरून काढलेला फरक जमिनीवरच्या फरकापेक्षा जास्त यायला हवा.

जमिनीवरून आला सुमारे ४३ विकला. ताऱ्यांवरून ५४.६. जास्तीच्या ११.६ विकला, म्हणजे एकेका बाजूला ओळंबा कललेला जेमतेम सहा विकला. अंशाचे साठ भाग केले की कला, कलेचे साठ केले की विकला. मी हिशेब करून बघितला. दहा फूट सुतावर हा कल सुताच्या टोकाशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. माणसाच्या केसाच्या जाडीएवढा.

केसभर. आप्पा ज्यासाठी थर उतरवायचे तेवढा.

आणि हा केस मोजायला मॅस्केलिन सुमारे चार महिने त्या उतारावर राहिला. मी जून महिन्यात तिथे तासभर थांबून गारठले आहे. तारे दिसायला आकाश मोकळं हवं, आणि शिहॅलियनवर मोकळं आकाश मागून मिळत नाही. धुकं येतं ते खालून, खोऱ्यातून वर चढत, दहा मिनिटांत हात दिसेनासा होतो. अशा जागी दुर्बीण, ओळंबा, घड्याळ वर चढवायचं, आडोसा उभारायचा, रात्ररात्र वाट बघायची, एका बाजूचं झालं की सगळं उचलून पाठीच्या पलीकडे न्यायचं आणि पुन्हा सुरुवात. तीनशेहून जास्त निरीक्षणं त्याने घेतली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, आणि त्याचं कारण विज्ञान नाही. ओळंबा थांबण्याची वाट बघत उभं राहणं म्हणजे काय असतं, ते मी खालून बघितलं आहे.

या मुक्कामाची एक गोष्ट रॅनखमध्ये अजून सांगतात. डंकन रॉबर्टसन नावाचा तांबड्या केसांचा एक मुलगा तळावर स्वयंपाकाला होता, रात्री तो फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवून सगळ्यांचं मन रमवायचा. काम संपलं त्या रात्री व्हिस्कीचं पिंप उघडलं, नाचगाणं झालं, आणि कशी कोण जाणे, झोपडीला आग लागली. माणसं वाचली, डंकनची फिडल जळाली. मॅस्केलिनने जाताना शब्द दिला, आणि काही दिवसांनी लंडनहून नवी फिडल आली, पिवळसर, चकाकत्या रोगणाची. डंकनने तिच्यावर गेलिकमध्ये गाणं रचलं आणि तिला नाव दिलं, लंडनची पिवळी बाई. ते गाणं टिकलं. पृथ्वीच्या घनतेचा आकडा पुढे सुधारला गेला, पण गाण्यात कुणाला सुधारणा करावी लागली नाही.

मोजणीवर एक रूबेन बरो नावाचा सहायक होता. नकाशासाठी साखळी आणि कोनमापक घेऊन डोंगरभर हिंडला तो तोच. पुढे तो बंगालमध्ये आला, एशियाटिक सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी एक झाला, भारतीय गणिताच्या मागे लागला, आणि द्विपद प्रमेय हिंदूंना ठाऊक होतं असा लेख त्याने १७९० मध्ये छापला. १७९२ साली बक्सरला तो वारला. शिहॅलियनच्या धोंड्यांवर आपले पाय सोलून घेतलेला माणूस गंगेकाठी जातो, हे वाचल्यापासून त्या उतारावर मला परकं वाटणं थांबलं.

मोजणी झाली, पण हिशेब बाकी होता. डोंगराचा प्रत्येक तुकडा ओळंब्यापासून किती लांब, किती उंच, तो किती ओढेल? हे काम चार्ल्स हटनकडे आलं. हटन न्यूकासलच्या कोळसा खाणीतल्या माणसाचा मुलगा, तरुणपणी त्याने स्वतः खाणीत कोळसा फोडला होता. त्याच्यासमोर नकाशा, आणि नकाशावर उंचीच्या आकड्यांचा नुसता चिखल. त्याने पेन्सिल घेतली आणि सारख्या उंचीचे बिंदू एका रेषेने जोडले. दुसरी उंची, दुसरी रेषा. आकड्यांतून डोंगराचा आकार वर आला. समोच्च रेषा इतक्या पद्धतशीरपणे त्याआधी फारशा कुणी वापरल्या नव्हत्या. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर फोनवरच्या नकाशात आपण ज्या जवळ जवळ आलेल्या रेषा बघून म्हणतो की इथे कडा आहे, जपून, त्या रेषांचं एक मूळ या डोंगराच्या उतारावर आहे.

१७७८ मध्ये हटनने उत्तर दिलं. पृथ्वी सरासरीने या डोंगराच्या खडकाच्या जवळजवळ दुप्पट जड आहे, पाण्याच्या साडेचार पट. आजचा आकडा साडेपाच पट. खडकाची घनता त्याने अंदाजाने धरली होती, तिथे तो चुकला. पण त्याने जे सिद्ध केलं ते तसंच राहिलं: पृथ्वी आतून पोकळ नाही, आणि तिच्या पोटात दगडाहून जड काहीतरी आहे, बहुधा धातू. परींची वस्ती ज्या डोंगराच्या पोटात मानली, त्यानेच पृथ्वीच्या पोटात काय आहे ते सांगितलं.

हाच ओळंबा पुढे हिंदुस्थानातही कलला. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात उत्तरेचं कलियाना आणि मध्य भारतातलं कलियाणपूर यांच्यामध्ये ५.२३६ विकलांची चूक निघाली, आणि १८५५ मध्ये कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या धर्मगुरूने हिशेब केला की हिमालयाने ओळंबा त्याच्या तिप्पट ओढायला हवा होता. मग प्रश्न उलटा झाला. एवढा मोठा डोंगर एवढं कमी का ओढतो? उत्तर निघालं की डोंगरांना खाली खोल मुळं असतात, आजूबाजूच्या खडकाहून हलकी, आणि त्यांच्यावर ते तरंगतात. पण हिमालयाचं हे प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे.

मी शिहॅलियनवर आतापर्यंत पाच वेळा गेले. जुनी वाट लोकांच्या पायांनी इतकी रुंदावली होती की मैलभर लांबून उतारावर जखमेसारखी दिसायची म्हणतात. जॉन म्यूर ट्रस्ट या रानं-डोंगर जपणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये डोंगराची ही पूर्वेची बाजू विकत घेतली आणि २००३ पर्यंत नवी वाट बांधली. तिचं दगडकाम बघत चालणं हा माझा आनंद आहे. दगड नुसते पसरलेले नाहीत. उतारात रुतवून बसवले आहेत, जड बाजू खाली, पाणी वाटेवरून न वाहता आडवं निघून जावं म्हणून मध्ये मध्ये तिरके चर. मी फोटो काढून आप्पांना पाठवले तर त्यांनी फोटो मोठे करून सांधे बघितले. “हातानं केलंय,” म्हणाले. त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही.

वाटेच्या सुरुवातीला एका खडकावर वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी. जरा वर, उतारात, गवताने झाकलेल्या दगडी जोत्यांचे अवशेष. उन्हाळ्यात बायका-पोरं गुरं घेऊन इथे वर राहायला यायची, लोणी-चीज करायची आणि थंडी पडायच्या आत खाली उतरायची. अशा जागेला आरी म्हणत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हायलँड्समधली कितीतरी माणसं आपल्या जमिनीवरून हलवली गेली, मोठ्या मेंढपाळीसाठी आणि आणखी कारणांनी, आणि त्यांच्याबरोबर गुरं वर नेण्याची रीत गेली. जोत्यांवर बसून मी डबा खाते. तिथे गवत अजून वेगळं आहे, दाट, दोन शतकांपूर्वीच्या शेणाने हिरवं.

मेच्या सुरुवातीला गेलं तर खालच्या हेदरमध्ये चंडोल असतात, आणि खडकांच्या आडोशाला रिंग उझल, कस्तुराच्या कुळातला काळा पक्षी, छातीवर पांढरी चंद्रकोर. हिवाळा दक्षिणेला काढून तो या डोंगरांवर घरटं करायला येतो. रेड ग्राउझ तर पायाखालून भर्रकन उडतो. गेलिकमध्ये त्याच्या मादीचं नाव हेदरची कोंबडी, आणि ऐकल्यावर दुसरं नाव सुचणारच नाही. लाल हरणं लांब, धारेवर, एका ओळीत. ती देखणी आहेत आणि फार झाली आहेत. लांडगा इथून तीनशे वर्षांपूर्वीच संपला, शेवटचा लांडगा १६८० मध्ये इथून जवळच किलिक्रँकीला मारला असं सांगतात. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि हरणं रोपटी खातात. डोंगर उघडा आहे तो नुसता थंडीमुळे नाही. ओढ्याच्या कपारीत, जिथे हरणाचं तोंड पोचत नाही, तिथे एखादं रोवनचं झाड लाल फळांनी लगडलेलं दिसतं, आणि बाकी डोंगर कसा असू शकला असता ते कळतं.

वर धोंड्यांच्या रानात टार्मिगन पक्षी. हिवाळ्यात पांढराशुभ्र, उन्हाळ्यात दगडावरच्या शेवाळासारखा ठिपक्याठिपक्यांचा, पायाच्या बोटांपर्यंत पिसं. तिसऱ्या खेपेला, धुक्यात, मी ज्या धोंड्यावर हात टेकणार होते त्याच्या शेजारचा धोंडा चालू लागला. घशातून करकर असा आवाज करत तो दोन पावलं गेला, थांबला, पुन्हा धोंडा झाला. मी श्वास रोखून उभी. किती वेळ, सांगता येत नाही. त्याचं गेलिक नाव टारमखन, त्याच करकरीवरून. इंग्रजीत तो लिहितात ‘प’ने, आणि तो ‘प’ कुणी उच्चारत नाही. १६८४ मध्ये रॉबर्ट सिबाल्ड नावाच्या विद्वानाला वाटलं की हा शब्द ग्रीक असावा, पंखाच्या ग्रीक शब्दावरून, म्हणून त्याने पुढे ‘प’ जोडला. पक्षी बिचारा स्वतःच्या आवाजाचं नाव सांगत होता. हे मला लागलं. नाव घेताना आधी ऐकावं लागतं.

आणि डोंगरी ससा. गेलिकमध्ये पांढरा ससा, कारण हिवाळ्यात तोही पांढरा होतो. मागच्या मार्चमध्ये गेले तेव्हा उतारावर बर्फाचा कण नव्हता. तपकिरी हेदर, करडे दगड, आणि मधोमध एक पांढरा ससा, अर्ध्या मैलावरून दिसणारा. तो दबून बसला होता, अगदी निश्चल, आपण दिसत नाही या भरवशावर. त्याची फर थंडी बघून बदलत नाही, दिवस किती लांब आहे ते बघून बदलते. हजारो वर्षं तो हिशेब बरोबर होता. दिवस आजही तेवढेच लांब-आखूड आहेत. बर्फाचे दिवस कमी झाले. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय या सशाला मारता येत नाही, आणि ते फार चांगलं झालं. पण वरून गरुड बघतोच. त्या सशाकडे बघताना मला आप्पांचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा ते पुरं पडलं नाही. त्याचा ओळंबा खोटं बोलत नव्हता. भिंत सरकली होती.

त्या रात्री घरी येऊन मी आप्पांना फोन केला. गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडून आता सहा वर्षं झाली. ओळंबा सोप्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. सशाचं सांगितलं, आणि मग, इतकी वर्षं का सांगितलं नव्हतं कोण जाणे, मॅस्केलिनचंही सांगितलं. दोन मुक्काम, तारे, साखळी, अकरा विकला, केसभर. ते मध्ये काही बोलले नाहीत.

“वारा कसा अडवला त्यांनी?” त्यांचा पहिला प्रश्न. “डोंगरावर वारा असणार. वाऱ्यात वळंबा थांबत न्हाई. आम्ही बादलीत पाणी घिऊन त्यात सोडायचो, मग थांबायचा.”

मी म्हटलं, आडोसा केला होता आप्पा, तंबू होता, आणि चार महिने थांबले होते.

“चार म्हैनं,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मागे आईची भांडी वाजत होती.

“म्हंजे आपला पांडवगड बी वढत असंल.”

“हो, आप्पा. थोडंसं. प्रत्येक डोंगर ओढतो.”

“मग मी बांधलेल्या भिंती?”

मी सांगितलं. ओळंबा ज्या बाजूला कलेल तीच तिथली सरळ रेषा. भिंती पडायच्या नाहीत, त्यांच्यात खोट नाही. फक्त गडाच्या अंगाने किंचित, मोजता येणार नाही इतक्या, गडाकडे आहेत.

फोन त्यांनी तसाच ठेवला असावा, कारण चपला वाजल्या, मग सोप्याचं दार. परत आले तेव्हा आवाज बदललेला. “शाळेची मागची भिंत,” ते म्हणाले, “गड तिच्या उत्तरंला. तालमीची पुढची. दत्ताच्या देवळाची ओवरी, ती गडाकडं तोंड करूनच हाय. पाटलाच्या विहिरीवरची खोली...” ते एकेक भिंत आठवत होते, आणि प्रत्येकीपासून गड कुठल्या बाजूला पडतो ते सांगत होते. मी पर्थमध्ये खिडकीशी बसून ऐकत होते. बाहेर पाऊस सुरू झाला होता.